घिबलीचा 'टेल्स फ्रॉम अर्थसी' बघितला, गोष्ट कुणी समजावून सांगेल का? (स्पॉयलर आहेत)

रातपाळी:
घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओचे बाकीचे पिक्चर बहुतेक बघून झालेत, हा एक उरला होता तो नेटफ्लिक्सवर लावला. तो ज्यांच्यावरून केलाय ती उर्सुला ले ग्विनबाईंची पुस्तकं वाचलेली नाहीत, त्यामुळे पाटी कोरी. चित्रं बघण्यात मजा आली पण गोष्ट काही हाताला लागेना. पहिल्या दहा मिनिटांतच तो राजपुत्र ॲरेन महालातल्या अंधारात दबा धरून बसतो आणि सख्ख्या बापाला भोसकून त्याची तलवार घेऊन पळतो, बरं, का भोसकलं तर ते त्यालाच माहीत नाही, आणि मग पुढे सगळे त्याच्याशी असे वागतात की पोरगं जरा नाराज आहे एवढंच. त्याच्यासारखाच दिसणारा एक त्याच्या मागे फिरत असतो, तो कोण? खऱ्या नावाची काय भानगड आहे? आणि त्याला भेटलेली ती मुलगी थेरू शेवटी एकदम ड्रॅगन होते, तेव्हा तर मी रिमोट घेऊन मागे जाऊन बघितलं की आपलं काही सुटलं का.

पुस्तक वाचलं तर उलगडा होईल की तिथेही असंच आहे? अजून एक, भाची नऊ वर्षांची आहे, घिबलीचा 'टोटोरो' तोंडपाठ आहे तिला, तिला दाखवायला हरकत नाही ना?

खारेदाणे:
तुमचं काही सुटलेलं नाही, पिक्चरमध्येच नाहीये ते.

असं झालंय की अर्थसीची मूळ पुस्तकं सहा. पहिलं 1968 चं, मग 1971 आणि 1972, नंतर मोठी गॅप घेऊन 1990 ला 'तेहानू' आणि 2001 मध्ये शेवटची दोन. दिग्दर्शक गोरो मियाझाकीने पिक्चरचा सांगाडा घेतला तिसऱ्यातून, माणसं आणि शेतावरचं घर घेतलं चौथ्यातून, सावली उचलली पहिल्यातून, आणि वर वडिलांच्या म्हणजे टोटोरोवाल्या हायाओ मियाझाकीच्या 'शुनाचा प्रवास' या 1983 च्या चित्रकथेतलंही बरंच घातलं. एवढं सगळं दोन तासांत कोंबल्यावर कुणाचंच धड झालं नाही.

आता ॲरेनचं. पुस्तकात तो बापाला मारत वगैरे अजिबात नाही. उलट बापानेच त्याला जादूगारांची शाळा असलेल्या रोक बेटावर निरोप घेऊन पाठवलेलं असतं, की आमच्याकडे मंत्र चालेनासे झालेत, काय करायचं. तिथून तो गेड या मोठ्या जादूगाराबरोबर होडीतून निघतो आणि अर्धं पुस्तक समुद्रावर जातं. पिक्चरमध्ये मात्र होडी जवळजवळ नाहीच. अर्थसी म्हणजे नुसती बेटंच बेटं असलेलं जग आहे हो, त्यातून समुद्र काढला तर राहिलं काय? सुरुवातीला एक जहाज वादळात सापडतं आणि वर दोन ड्रॅगन एकमेकांना फाडतात तेवढंच.

सावलीचं तर मला सगळ्यात जास्त लागलं. पहिल्या पुस्तकात गेड स्वतः पोरसवदा असतो, हुशार आणि माजोरडा. शाळेत दुसऱ्या पोराला दाखवून द्यायचं म्हणून मेलेल्याला बोलावतो आणि त्या फटीतून एक काळं काहीतरी बाहेर येऊन त्याचा गाल फाडतं. (पिक्चरमध्ये गेडच्या तोंडावर व्रण दिसतो ना, तो हाच. कुणी एका शब्दाने सांगत नाही.) मग सगळं पुस्तकभर आधी ती सावली त्याच्या मागे, नंतर तो सावलीच्या मागे, आणि शेवटी समोरासमोर आल्यावर तो तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. संपलं. लढाई नाही, वध नाही, ती त्याचीच होती. हे सगळं पिक्चरने गेडकडून काढून ॲरेनला दिलं आणि उलटं केलं, म्हणजे सावली हा ॲरेनचा चांगला भाग आणि अंगात उरलेला तो वाईट वगैरे. कल्पना वाईट नाही पण पाच मिनिटांत गुंडाळली.

आणि नाव. तिकडे प्रत्येकाला एक खरं नाव असतं, ते ज्याला कळलं त्याच्या हातात तुम्ही सापडलात. म्हणून चारचौघांत वापरायला दुसरं, गेडला सगळे 'स्पॅरोहॉक' म्हणतात ते त्यामुळे. आपल्याकडे जुन्या घरांत पत्रिकेतलं नाव बाहेर सांगायचे नाहीत तसंच, फक्त इथे त्यावर सगळी जादू उभी आहे. म्हणून थेरू ॲरेनला आपलं खरं नाव सांगते ती फार मोठी गोष्ट आहे, पिक्चर बघताना ते जाणवतच नाही.

थेरूच्या ड्रॅगनबद्दल: माणसं आणि ड्रॅगन पूर्वी एकच होते अशी दंतकथा 'तेहानू'मध्ये येते. तिथे ती भाजलेली पोर आहे, अर्धा चेहरा जळालेला, एक डोळा गेलेला, हात आखडलेला, आणि भाजणारे घरचेच. लोक तिच्याकडे बघायचं टाळतात. ती कोण आहे हे हळूहळू उलगडतं आणि प्रत्यक्षात ती उडते ती एकदम शेवटच्या पुस्तकात. पिक्चरवाल्यांनी गालावर डाग दिल्यासारखा व्रण काढला आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत पंख लावले.

मोगरी_सुपारी:
खारेदाणे, तुमचं सगळं मान्य पण तुम्ही पुस्तकाचा गठ्ठा मांडीवर घेऊन बघताय. मी आधी पिक्चर बघितला, पुस्तकं नंतर वाचली, आणि मला हा पिक्चर आवडतो, हाणा मला आता.

पिक्चरमधलं ते होर्ट टाऊन शहर आठवा जरा. पडक्या मोठाल्या इमारती, त्याच्या अंगाखांद्यावर नंतरच्या लोकांनी चिकटवलेली घरं, बाजारात एकीकडे कापड विकतायत आणि एकीकडे माणसं. गोरो मुळात बागा आणि मोकळ्या जागा डिझाइन करणारा माणूस, मिताकातलं घिबली म्युझियम उभं करण्यात तो होता आणि तिथला प्रमुखही होता. ते दिसतं की! आणि थेरूला सांभाळणाऱ्या टेनारच्या शेतावरचा भाग, ॲरेनला नांगरायला लावतात, त्याचे हात सोलतात, थेरू त्याच्याकडे बघतसुद्धा नाही कारण तिला त्याच्यात जिवाची पर्वा नसलेला माणूस दिसतो. मग संध्याकाळी माळावर ती एकटी गात असते, वाद्य नाही काही नाही, नुसता आवाज, आणि ॲरेन मागे उभा राहून रडतो. ते गाणं पूर्ण होऊ दिलंय, मध्ये कापलं नाही. ज्याला सकाळी उठावंसं वाटत नाही अशा वयातल्या पोराला हा सीन बघून काय होईल ते मला माहितीये, कारण मी तेव्हा अकरावीत होते. बापाला का मारलं याचं उत्तर त्याच्याकडे नाही हेच मला खरं वाटलं होतं. आता पटकथा म्हणून ते ढिसाळ आहे हे कबूल.

संगीत हायाओच्या पिक्चरांना नेहमी संगीत देणाऱ्या जो हिसाइशीचं नाही, तामिया तेराशिमाचं आहे, तेही ऐकण्यासारखं आहे.

खारेदाणे:
गाण्याला माझाही सलाम. पण ते संपल्यावर काय येतं? कॉब हा दुष्ट जादूगार येतो, बुरुज येतो, बुरुजावर मारामारी, तलवार म्यानातून एकदाची निघते, कॉबचा हात तुटतो, ड्रॅगन त्याला जाळतो आणि जगाचा तोल परत जागेवर. म्हणजे एक दुष्ट मेला की झालं. पुस्तकात कॉबने मरणाच्या भीतीने जगण्या-मरण्याच्या मधल्या भिंतीला भोक पाडलेलं असतं आणि त्यातून सगळ्या जगाचा जीव गळत असतो. ते बुजवायला गेड आपली होती नव्हती ती सगळी जादू घालवतो आणि साधा माणूस होऊन परत येतो. ॲरेन त्याला डोंगर ओलांडून ओढत आणतो. ही किंमत पिक्चरमध्ये कुणीच देत नाही, गेड तर बराच वेळ बांधून ठेवलेला असतो. माझं भांडण एवढंच आहे, व्रण किती मोठा काढला यावर नाही.

जुनी_वही:
ले ग्विनबाईंचंही भांडण जवळपास हेच होतं. त्यांनी पिक्चर बघून सविस्तर लिहिलंय, की वाईटपणा सगळा एका खलनायकात भरून त्याला मारला की प्रश्न मिटतो असं दाखवलंय, आणि बापाला मारण्याला काही कारणच नाही. चित्रांचं कौतुकही केलंय, उगाच नाही म्हणायचं.

यामागची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. हायाओ मियाझाकीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच अर्थसीची परवानगी मागितली होती. बाईंनी त्याचं काहीच बघितलेलं नव्हतं, ॲनिमेशन म्हणजे डिस्नेसारखं काहीतरी असं वाटून त्यांनी नाही म्हटलं. पुढे बऱ्याच वर्षांनी टोटोरो बघितला आणि पंखाच झाल्या. मग त्यांच्याकडूनच होकार गेला, पण तोपर्यंत हायाओने निर्माता तोशिओ सुझुकीला सांगितलं की मी आता थकलो, आणि सुझुकीने पिक्चर दिला मुलाला, ज्याने त्याआधी एकही पिक्चर केला नव्हता. बापाचा विरोध होता, पिक्चर होईपर्यंत दोघांत बोलणं जवळपास बंद. 2005 मध्ये हायाओ आणि सुझुकी बाईंच्या पोर्टलंडच्या घरी जाऊन आले, पण बाईंची समजूत अशी होती की मोठा मियाझाकी लक्ष घालणार. तसं काही झालं नाही. पिक्चर जपानमध्ये जुलै 2006 ला लागला, धंदा चांगला केला आणि तिकडच्या 'वर्षातला सगळ्यात वाईट' छापाच्या पुरस्कारांतही नाव काढलं.

त्यात सुरुवातीलाच मुलगा बापाला भोसकतो. लोकांनी काय काय अर्थ काढले असतील ते तुम्हीच बघा. ती कल्पना सुझुकीची होती असं सांगतात.

अवांतर: अमेरिकेत तो 2010 पर्यंत लागूच शकला नाही, कारण हक्क एका टीव्ही चॅनेलकडे अडकले होते, ज्यांनी 2004 मध्ये अर्थसीची सिरियल केली होती. त्या सिरियलवर बाई फारच भडकल्या. पुस्तकात गेड तांबूस-तपकिरी रंगाचा, त्याचा मित्र व्हेच तर काळा, गोरे लोक फक्त कार्गाड या बेटांवरचे. सिरियलने गेडलाच गोरा केला! त्यापुढे घिबलीचा पिक्चर म्हणजे सोवळ्यातला म्हणायचा.

रातपाळी:
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना धन्यवाद. म्हणजे पिक्चर विसरून पहिल्या पुस्तकापासून सुरू करतो. सहाही वाचायची गरज आहे का? आणि भाचीचं कुणी बोललंच नाही.

मोगरी_सुपारी:
भाचीला नको दादा. अमेरिकेतही याला पीजी-13 (तेराच्या आतल्या मुलांना दाखवताना पालकांनी जपावं असा शेरा) दिलं होतं. सुरुवातीचा खून सोडा, शेवटी कॉबचा चेहरा वितळतो, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं, मी मोठी असून अंग चोरलं होतं. आणि गुलामांच्या गाडीतल्या साखळ्या वगैरे नऊ वर्षांच्या मुलीला समजावत बसाल. तिला घिबलीचाच 'किकी' लावा.

खारेदाणे:
पहिली तीन सलग वाचा, बारीकच आहेत. दुसऱ्यात गेड अर्ध्यावर आल्याशिवाय दिसत नाही म्हणून लोक सोडतात, तुम्ही सोडू नका, त्या थडग्यांखालच्या काळोखात टेनार वाढते तो भाग सगळ्या मालिकेतला सगळ्यात घट्ट लिहिलेला आहे. पिक्चरमध्ये त्यावर एक वाक्य आहे, गेडने मला तिथून बाहेर काढलं एवढंच. 'तेहानू' लगेच घेऊ नका, थोडं थांबून घ्या, त्यात बायकांचं आणि म्हातारपणाचं आहे, पहिल्या तिघांच्या धुंदीत वाचलं तर लोकांना राग येतो. पैसे असतील तर 2018 ची चार्ल्स व्हेसच्या चित्रांची एकत्र आवृत्ती बघा. वजनदार आहे, झोपून वाचाल तर नाकावर पडेल.

जुनी_वही:
+१. आणि गोरोचा 'फ्रॉम अप ऑन पॉपी हिल' बघितला नसेल तर तो बघा, 2011 चा. त्याची पटकथा वडिलांनी लिहून दिली होती.