फ्रोझनची सोय नसेल तिथे तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करू द्यावं का?

फुरसुंगीकर
भाऊजींच्या उजव्या गालाचा कॅन्सर. चाळीस वर्षांची तंबाखू. ऑपरेशन पुण्यातच झालं, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "सगळं नीट काढलंय." नवव्या दिवशी रिपोर्ट आला: तळाची कड, म्हणजे गाठीपासून कापलेल्या काठापर्यंतचं अंतर, ३ मिमी, म्हणजे 'क्लोज' (फार जवळ). ५ हवी होती म्हणे. आता सहा आठवडे शेक (रेडिएशन). तिथे फ्रोझन होत नाही, हेही तेव्हाच कळलं. तुकडा गोठवून अर्ध्या तासात, पेशंट टेबलावर असतानाच तपासता येतो ना? सोनारसुद्धा गिऱ्हाईक समोर असतानाच वजन करतो. ही सोय नसेल तर परवानगीच देऊ नये.

चिमटाकात्री
असहमत. भाऊजींना लवकर आराम पडो, पण तुमचा राग चुकीच्या जागी आहे. वीस वर्षं हेच काम करतोय. गाठ बोटानं चाचपत चारी बाजूंनी आणि तळाशी सेंटिमीटरभर सोडून कापतो, कारण तुकडा सुटला की स्नायू आकसतो आणि तुकडा टिकवायच्या फॉर्मेलिनमध्ये आणखी. माझे १० मिमी मायक्रोस्कोपखाली ६-७ भरतात. तुकडा हातात आला की तिथेच मोजपट्टी लावायची, कमी वाटेल तिथे वाढवून घ्यायचं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनीच २०१९ मध्ये मांडलंय की कडा बघायला फ्रोझनचा खर्च फायद्याच्या मानाने परवडत नाही. आणि जबड्याचं हाड? ते फ्रोझनला कापताच येत नाही.

फुरसुंगीकर
मग आमच्या वेळी पट्टी कुठे होती?

चिमटाकात्री
हे मात्र रास्त. त्या सर्जनना विचारा.

पेठेतली स्लाइडवाली
डॉक्टर, अनुभवी डोळ्याची गोष्ट अनुभवी डोळ्यापुरतीच खरी. टाटात रोज तोंडाच्या केसेस होतात. महिन्याला दोन करणाऱ्यानं त्या अभ्यासाआड लपू नये.

पण दादा, फ्रोझन झालं असतं तरी हे ३ मिमी पकडले गेले असते असं नाही. बरेच जण जखमेच्या काठावरून तांदळाएवढा तुकडा पाठवतात. मी तो उणे वीसच्या आसपास गोठवते, पाचेक मायक्रॉनचा काप काढून रंगवते आणि 'निगेटिव्ह' कळवते. म्हणजे तेवढा तांदूळ स्वच्छ. गाठ तिथून किती लांब होती, हे तो तांदूळ कसा सांगणार? अंतर हवं तर काढलेला अख्खा भाग ताजा आणा, दोरे बांधून पुढचं-मागचं, वरचं-खालचं दाखवा, मग मी गाठीतून कडेपर्यंत उभा काप घेते. आमच्याकडे येतो तो डबा, वर नुसतं 'गाल'. एकदा फोन करून विचारलं, पुढची बाजू कुठली? "बघून घ्या ना मॅडम!"

चिमटाकात्री
दोऱ्यांचं मान्य. मी बांधतो.

हडपसरची मीना
सासूबाईंना मिशेरीची सवय होती. आम्ही फ्रोझनचे वेगळे पैसे भरले, कडा स्वच्छ आल्या. शेक तरी लागलाच, मानेतल्या गाठींत पसरलं होतं म्हणून.

फुरसुंगीकर
मीनाताईंचं वाचून रिपोर्ट पुन्हा काढला. गाठीची खोली १२ मिमी आणि मज्जातंतूभोवती पसरल्याचंही लिहिलंय. डॉक्टर तेव्हा बोलले असतील, आम्ही त्या ३ वरच अडकलो. म्हणजे शेक तसाही चुकला नसता बहुधा. तरी माझं मत तेच आहे, आणि पट्टी लावली होती का, हे मंगळवारी विचारणारच. स्लाइडवाल्या ताई, तुकडा दुसरीकडे पुन्हा तपासून घेता येतो?

पेठेतली स्लाइडवाली
येतो. लेखी अर्ज देऊन ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि स्लाइड्स मागा. पण त्यापायी शेक लांबवू नका, ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. दातांच्या डॉक्टरांना दाखवलं का? किडके दात शेकाच्या आधी काढावे लागतात.