मदत हवी आहे: फोनवरच्या फेस स्कॅनवर किती भरवसा ठेवावा?

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला माझं ऑर्थोडॉन्टिक्सचं, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करायचं, छोटं क्लिनिक आहे. चेहऱ्याच्या थ्रीडी फोटोंची मोठी सिस्टीम खिशाला परवडत नाही, म्हणून आयफोनच्या समोरच्या कॅमेऱ्याने स्कॅन घ्यायला लागलोय. २०१७च्या आयफोन टेनपासून आलेला तोच सेन्सर, ३०,०००हून जास्त इन्फ्रारेड ठिपके टाकणारा.

काल एका मुलीचे लागोपाठ तीन स्कॅन घेतले आणि एकमेकांवर जुळवून पाहिले. कपाळ आणि नाक एकावर एक चपखल बसलं. पण ओठांच्या कडेला आणि हनुवटीखाली दीड-दोन मिलिमीटरचा फरक! कॅलिपरने (अंतर मोजायच्या चिमट्यासारख्या साधनाने) मोजलं तर ओठांची रुंदी तिसरीच. (कॅलिपर टेकला की ओठ दबतो, हेही आहेच.) दुसऱ्या स्कॅनला तिने आवंढा गिळला, तिसऱ्याला आई मागून "हलू नको गं" म्हणाली आणि तिला हसू फुटलं.

पेशंटला समजावायला हे ठीक, पण जबड्याच्या सर्जरीच्या केसला मी यावर विसंबणार नाही.

तुम्ही स्कॅन जुळवताना फक्त कपाळ आणि नाकाचं मूळ धरता की अख्खा चेहरा? ओठ सैल राहावेत म्हणून पेशंटला नेमकं काय सांगता? आणि त्वचेवर आधी पेनाने ठिपके काढून कोणी ताडून पाहिलंय का?