गणपतीला आईला गावी न्यायचंय, कॅन्सरचे उपचार नुकतेच संपलेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई (वय ६१) दिवाळीनंतर आमच्याकडे डोंबिवलीला आली, ती अजून इथेच आहे. डाव्या स्तनाचा कॅन्सर. परळला टाटात ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो, आधी तीन आठवड्यांनी एक आणि नंतर दर आठवड्याला. रेडिएशन गेल्या आठवड्यात संपलं. आता रोजची गोळी आणि तीन महिन्यांनी तपासणी. गावी जायला डॉक्टरांची हरकत नाही, हे आधीच सांगतो.

गाव गुहागर तालुक्यात. घरी पाच दिवसांचा गणपती, शिवाय गौरी. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा आई केमोच्या वॉर्डात होती. त्यामुळे गणपती चुकवायचा नाही हे तिनं कधीच ठरवून टाकलंय. त्यावर चर्चा नाही.

हॉस्पिटलनं काळजीचा कागद दिलाय. डाव्या हातानं जड उचलायचं नाही, त्या हाताला कापू-भाजू द्यायचं नाही, बीपी आणि सुई उजव्या हातावर. सगळं पटतं. पण गौरी-गणपतीत आमच्याकडची बाई दुसरं करते काय? नारळ खवायचे, अळू चिरायचं, मोदकपात्र उतरवायचं, विहिरीवरून कळशी आणायची. त्यात केमोनं तिच्या बोटांना आणि तळपायांना मुंग्या येतात, गरम-गार नीट कळत नाही. परवा तापलेलं झाकण तिनं सरळ हातानं उचललं, ओरडलो आम्हीच. ‘तू नुसती बस’ म्हटलं की तिचा चेहरा पडतो.

दुसरं माणसांचं. वाडीत एवढंच माहीत आहे की ‘गाठ होती, काढली’. आरतीला सगळी वाडी येणार, रात्री भजन, एखाद्या दिवशी जाखडीवाले. डोक्यावर आत्ता कुठे बोटभर केस आलेत. एका नातेवाईक बाईंनी फोनवर विचारलं, ‘लाईट (म्हणजे रेडिएशन) दिलेल्या माणसानं पोरांना जवळ घ्यायचं नसतं ना?’ आईनं ते ऐकलं. तेव्हापासून ती माझ्या पुतणीबद्दल बोलताना जरा अडखळते.

तर कामाचं आणि माणसांचं कसं जमवावं? आणि प्रवास? छातीत उजवीकडे पोर्ट (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी-नळी) अजून आहे.

(लक्ष्मणफळ, गोमूत्र आणि अल्कली पाणी यांच्या लिंका कृपया नकोत. फॅमिली ग्रुपवर भरपूर झाल्यात.)

अबोली:
दादा, मी याच वाटेनं गेलेय, म्हणून थोडं लांब लिहिते. पहिल्या वर्षी मला कुणी कशाला हात लावू दिला नाही. सगळ्यांनी मायेनंच केलं, पण मी माजघरात बसून स्वयंपाकघरातल्या भांड्यांचे आवाज ऐकत होते आणि आपल्याच घरी पाहुणी झाले होते. आईंचं असं होऊ देऊ नका. हात दुसऱ्यांचे चालवा, हुकूम त्यांचा असू द्या. किती नारळ फोडायचे, उकड जमली की नाही, कुणाच्या हाती काय द्यायचं, हे त्यांनी खुर्चीवर बसून सांगायचं. पाटावर नव्हे हं, खुर्चीवरच. एकदा खाली बसलं की उठताना हातावर भार येतोच.

वाती वळणं, दुर्वांच्या जुड्या बांधणं, गौरीची साडी निवडणं ही कामं खुशाल द्या. मोदक मात्र नको. उकड गरम असतानाच मळावी लागते आणि त्यांच्या बोटांना चटका कळणार नाही. खवणी आणि विळीही नको.

त्वचेबद्दल कुणी सांगितलंय का? रेडिएशन संपल्यावर आठवडा-दोन आठवडे ती जागा उलट जास्त लाल होते, हुळहुळते. नेमके तेच दिवस सणाचे. सैल सुती ब्लाउज शिवून घ्या, काठापदराची जड साडी आरतीपुरती. त्या जागेवर हळद, उटणं, तेल काही नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलमच. थकवाही लगेच जात नाही. दुपारी दोन तास खोलीचं दार बंद, मग दारात कुणीही येवो.

खिडकीवाला:
प्रवासाचं सांगतो. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाण्यायेण्याला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. हॉस्पिटलकडून रेल्वेचा छापील फॉर्म भरून, सही-शिक्क्यासह घ्या आणि आरक्षण खिडकीवर द्या. चिपळूणपर्यंत रेल्वेनं जा, पुढे गाडी ठरवा. मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे या दिवसांत धडधाकट माणसालाही सोसत नाहीत. गाडीत पुढच्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, मागे उजवीकडे बसलं तर उजव्या खांद्यावरून, म्हणजे एकीकडे रेडिएशनची जागा आणि दुसरीकडे पोर्ट. पट्टा सोडू नका, खाली मऊ पंचाची घडी ठेवा.

सिस्टर_चिपळूण:
बाहेरून दिलेल्या रेडिएशननं माणसाच्या अंगात किरणं उरत नाहीत. मशीन बंद, विषय बंद. पुतणीला खुशाल मांडीवर द्या, फक्त तिला सर्दी-ताप नाही ना ते बघा.

पोर्ट वापरात नसला तरी साधारण महिना-सव्वा महिन्यानं फ्लश करावा लागतो, म्हणजे नळी तुंबू नये म्हणून हॉस्पिटलात धुऊन घ्यावी लागते. गावी राहणार असाल तर निघण्याआधी करून घ्या आणि तारीख कागदावर लिहून आणा. तिथून जवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे, कॅन्सर विभाग आहे, आधी फोन करून विचारा. ताप १००.४ च्या वर गेला किंवा थंडी वाजली तर घरी क्रोसिन देऊन वाट बघू नका. पोर्ट असताना ते चालत नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) तापही असतो. तळपाय बधिर आहेत म्हणजे अंगणातही अनवाणी नाही. ओल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे कुणीतरी हात धरावा. विसर्जनाला ओट्यावरूनच नमस्कार.

भटका:
एक विचारू? ‘गाठ काढली’ हे कशासाठी? नाव सांगा ना. लपवलं की लोक तर्क करतात.

धागाकर्ता:
भटका, खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं, पण आजार तिचा आहे, कुणाला काय सांगायचं ते तीच ठरवणार. काल अबोलीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ‘हुकूम त्यांचा’वर हसली आणि लगेच गावी धाकट्या काकूला फोन लावला. नारळ किती उतरवायचे, तांदूळपिठी कुणाकडून आणायची, सगळं सांगून झालं. आणि मग, मी समोर असताना, ‘अगो, कॅन्सर होता, आता औषध संपलं, केस बघून घाबरू नको’ हेही. म्हणजे उद्यापर्यंत वाडीभर झालंच म्हणायचं.

सिस्टर, पोर्टचं मनातच आलं नव्हतं, या आठवड्यात करून घेतो. खिडकीवाले, फॉर्म मिळालाय, पण जायच्या गाडीला वेटिंग दाखवतंय. सवलतीच्या तिकिटावर नंतर गाडी बदलायची झाली तर फॉर्म पुन्हा नवा आणावा लागतो का? आणि रात्रीचं भजन आमच्याऐवजी शेजारच्या ओटीवर ठेवा असं बुवांना सांगायचंय, ते वाईट वाटू न देता कसं सांगतात?