आपली प्राथमिक शाळा : सारवण, सुकडी आणि १ जून (तुमचेही अनुभव लिहा)

शेवंती

आईच्या जन्मतारखेचा पुरावा हवा होता म्हणून मंगळवारी माढा तालुक्यातल्या आमच्या आजोळच्या शाळेत गेले. आई तिथेच शिकली, आणि मीही पहिली ते चौथी तिथेच, १९८६ ते १९९०. गुरुजींनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली, पण शाई अजून निळी. आईचं नाव, प्रवेश १९६३, जन्मतारीख १ जून १९५७. ते दाखला लिहीत होते तोवर मी व्हरांड्यात उभी राहिले. आता वर्गात फरशी आहे. ती बघितली आणि एकदम शनिवार आठवला.

शनिवारी सकाळची शाळा, आणि प्रार्थना झाली की सारवण. शुक्रवारी सुटताना गुरुजी विचारायचे, उद्या शेण कुणाकडून? ज्यांच्या गोठ्यात जास्त जनावरं, त्यांनी पाटी भरून आणायची. पोरं हापशावरून बादल्या आणायची. तिसरी-चौथीच्या मुली आधी जमिनीचे पोपडे खरवडून खड्ड्यांत माती भरायच्या, ती धोपटायच्या, मग शेणकाला. शेणात माती किती नि पाणी किती, हे मला चौथीतल्या एका मुलीनं शिकवलं. पाणी जास्त झालं तर वाळल्यावर भेगा पडतात, शेण कमी पडलं तर दोन दिवसांत धूळ उठते. समोरच्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि मागे मागे सरकत दाराकडे यायचं. हाताचा एक अर्धा गोल, त्याला चिकटून दुसरा, मध्ये फट राहू द्यायची नाही. दारात पोचलो की आत कुणी पाय टाकायचा नाही. मग उरलेली शाळा लिंबाखाली, पाढे म्हणत.

सोमवारी वर्गात शिरलं की जमिनीवर हातांचे गोल दिसायचे. आम्ही आपापला गोल शोधून त्यावर तरटाची पट्टी टाकायचो. "हितं माझा हात हाय, मी हितंच बसणार" म्हणून भांडणं व्हायची.

सारवण मुलींकडेच का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आता ते खुपतं. पण ती जमीन माझी होती, तेवढी नंतरची कुठलीच शाळा माझी झाली नाही.

तुम्ही तुमच्या शाळेत हातानं काय काय केलंत? लिहा.

पाऊलवाट

१ जून!! आमच्या घरात तीन जण १ जूनचे. बाबा, मोठी आत्या, धाकटे काका. तिघांच्या मध्ये वर्षांचं अंतर, तारीख एकच. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारणार कधीचा, आजोबा सांगणार "सुगीत झाला", मग गुरुजी काय लिहिणार बिचारे. जूनमध्ये शाळा सुरू होते, वय पुरं भरतं, झालं.

गारवेल

आमच्याकडे व्हॉट्सॅपवर १ जूनला सकाळपासून केक येत राहतात. अख्खी पिढी त्या दिवशी जन्मली 🙂

सड्यावरचा

रत्नागिरी जिल्हा. आमच्याकडे सारवण होतंच, पण मोठं काम मे महिन्यात. शाळेची कौलं परतायची. वाडीतले बाप्ये वर चढायचे, फुटकी कौलं खाली, आम्ही पोरं रांग लावून नवी कौलं हातोहात वर द्यायचो. पडवीला झापांच्या झडी बांधायच्या, नाहीतर पावसात अर्धा वर्ग भिजायचा. त्या दिवशी वाडीत एकत्र जेवण. मुंबईहून आलेले चाकरमानीही हात लावायचे, कारण सगळे त्याच शाळेतले. माझे वडील गिरणीत होते, दहा दिवसांची रजा, त्यातला एक दिवस शाळेचा. आईला ते आवडायचं नाही. ती म्हणायची, घराचं छप्पर कोण बघणार? तरी ते जायचेच.

मोरपंखी

सुकडी कुणाला आठवते का? मधल्या सुट्टीत वहीच्या पानावर एकेक मूठ. मी अर्धी खायचे, अर्धी धाकट्या भावासाठी फ्रॉकच्या खिशात. आई कपडे धुताना ओरडायची, सगळे खिसे चिकट.

कुंदा

सुकडी म्हणजे काय? माझं शिक्षण बडोद्याला झालं. तिथे सुखडी म्हणजे तूप-गुळाची वडी.

मोरपंखी

ती नाही ताई. ही भाजलेल्या पिठाची, गोडसर, भुरभुरीत. पोत्यातून यायची. तोंडात टाकून बोललं की समोरच्यावर उडायची. मागे घरी करून बघितली, गव्हाचं पीठ कोरडंच खमंग भाजून, गूळ किसून. चव जवळ गेली पण ती नाही आली.

गारवेल

थोडं सोयाबीनचं पीठ घालून बघा. मला तो कडसर मागचा स्वाद आठवतो.

खडूची धूळ

मी सध्या झेडपी शाळेवर शिक्षिका आहे. मधली सुट्टी चालू आहे म्हणून पटकन लिहिते. शेवंतीताई, तुमचं सारवण वाचून अंगावर काटा आला. माझी पहिली नेमणूक अशाच शाळेवर होती.

सुकडी गेली, खिचडी आली. नवीन लोकांसाठी सांगते, १९९५ ला योजना आली तेव्हा शिजवलेलं मिळत नव्हतं. ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी. महिनाअखेरीला पोरं पिशव्या घेऊन रांगेत. शिजवून द्यायचं हे नंतर, सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये सांगितल्यावर. आता पहिली ते पाचवीला पोरामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ. आमच्या शाळेत ज्या मावशी शिजवतात त्या सकाळी साडेनऊला येतात, आधी पट विचारतात, "आज किती ताटं?" मी २३ सांगितलं तर त्या २५ चा अंदाज धरतात. म्हणतात, एखादं बारकं भावंड येतंच दारात. त्यांचं मानधन किती नि ते किती महिन्यांनी येतं हे लिहायला बसले तर सुट्टी संपेल. पण आजवर एक दिवस खिचडी करपली नाही. कढीपत्ता आमच्या परसबागेतला, पाणी घालायची पाळी तिसरीची. घंटा झाली, नंतर येते.

हजेरीपट

मी फार लिहीत नाही इथे, पण आज लिहितो.

बीड जिल्हा. दिवाळी झाली की गावात ट्रक यायचे. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला, सोबत आम्ही पोरं. दिवाळीआधी वर्गात चाळीस, नंतर पंधरा-सोळा. मी दुसरीत दोनदा बसलो कारण अर्धं वर्ष कारखान्याच्या फडातच. तिसरीला आजी म्हणाली, ह्याला मी ठेवून घेते. त्या वर्षी मी रोज शाळेत गेलो. रिकामा वर्ग बघून रडू यायचं, माझे सगळे मित्र फडावर. गुरुजींनी मला हजेरी घ्यायला लावली. सगळी नावं मोठ्यानं वाचायची, जे नाहीत त्यांचीही. मी त्यांच्या वतीनं "फडावर" म्हणायचो. गुरुजींनी एकदाही थांबवलं नाही.

एप्रिलच्या सुमाराला पोरं परत आली. गुरुजींनी हजेरी घेतली आणि ज्याचं नाव आलं तो "हजर" म्हणाला की मी मान वर करून बघायचो. आता तिकडे हंगामी वसतिगृहं आहेत, पोरं मागे राहू शकतात. माझा एक चुलतभाऊ त्यामुळेच बारावीपर्यंत पोचला.

मोरपंखी

दादा, वाचून डोळे भरले. "फडावर" हा शब्द डोक्यातून जात नाहीये.

शेवंती

हजेरीपटदादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आजी आहेत का अजून?

हजेरीपट

नाही ताई. २०११ ला गेली. १ जूनचीच होती, कागदावर.

दादर बीबी

आमची मुंबईत पालिकेची शाळा, मराठी माध्यम. सारवण नाही, कौलं नाही. दोन पाळ्या. सकाळची पोरं सुटायची नि आम्ही जिन्यात उभे. बाक गरम असायचे त्यांच्या बसण्यानं, ते मला खूप लक्षात आहे. आमच्या बाकावर सकाळच्या पाळीतली कुणी तरी मुलगी पेन्सिलीनं फूल काढून ठेवायची. मी त्याला देठ काढला. दुसऱ्या दिवशी पान आलं. असं दीड महिना चाललं, मग परीक्षेला बाक पुसले. ती कोण हे कळलं नाही. आता माझी भाचीही पालिकेच्याच शाळेत आहे, तिला दप्तर, बूट, छत्री धरून २७ वस्तू मिळतात.

खाजन

गोंयकार आहे, डिचोलीकडचा, मराठी प्राथमिक शाळेत शिकलो. आमच्याकडे शाळा म्हटली की शाळेतलं सरस्वतीपूजन. नवरात्रात मूर्ती बसायची, मखर आम्ही करायचो, रंगीत कागदाच्या पताका खळीनं चिकटवून. खळ मैद्याची, घरून आईनं शिजवून दिलेली. पूजेला अख्खा वाडा, संध्याकाळी भजन, फुगड्या, मुलांचं नाटुकलं. ज्यांची पोरं कधीच मोठी झाली ती माणसंही यायची. आता पट नाही म्हणून आमची शाळा बंद झाली. तरी इमारत आहे तोवर वाड्यावरचे लोक तिथेच पूजा करतात.

पाऊलवाट

दसऱ्याला पाटीवर एकांची सरस्वती काढायचो, ती! बोटं अजून विसरली नाहीत, आत्ता वर्तमानपत्राच्या कडेला काढून बघितली.

सड्यावरचा

खाजन, आमचीही गेली. शेवटी पट चार होता. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हवी असं कायदा सांगतो, पण सड्यावरून उतरून ओढा ओलांडायचा तो किलोमीटर पावसात कसा असतो हे नकाशात दिसत नाही. माझं स्पष्ट मत आहे, चार पोरांसाठीही शाळा चालली पाहिजे. पाच-सहा वर्षांचं पोर लांबच्या शाळेत जात नाही, ते घरी बसतं. आणि घरी आधी मुलगी बसते.

खडूची धूळ

सड्यावरचा, शंभर टक्के. माझा पट २३ आहे, तरी दर जूनला छातीत धडधड. मेमध्ये आम्ही दोघी शिक्षिका दारोदार फिरतो.

बाय द वे, काल आमचा बाल बाजार झाला. पोरांनी घरची भाजी आणून विकली. दुसरीतल्या एकानं कोथिंबिरीच्या आठ जुड्या आणल्या, दहाला एक. एक आजी म्हणाल्या, पंधराला दोन दे. तो बराच वेळ बोटं मोजत बसला, मग म्हणाला, "नाय परवडत, पण तुमी आज्जी हायसा म्हून घ्या." वजाबाकी मी वर्षभर शिकवतेय, ती त्याला तिथे कळली.

कुंदा

किती गोड. शेवंती, आईंची खरी जन्मतारीख कोणती मग? कुणाला माहीत आहे का घरात?

शेवंती

आत्ता विचारलं. ती मेथी निवडतेय, मी तिला सगळा धागा वाचून दाखवला. म्हणाली, "माझी आई सांगायची, बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालीस. बैलांच्या शिंगांचा रंग तसाच होता." बेंदूर नाही, श्रावणातलाच पोळा, हेही तिनं बजावून सांगितलं. तारीख कुणालाच माहीत नाही. आणि सारवणाबद्दल म्हणाली, तिच्या वेळी गुरुजी स्वतः एक कोपरा सारवायचे, धोतर खोचून. हे मला आजच कळलं.

गारवेल

पोळा म्हणजे श्रावण अमावास्या. साल रजिस्टरातलं धरायचं ना, १९५७? थांबा, बाबांना पंचांगाचा नाद आहे, विचारते.

मोरपंखी

मी तोवर सोयाबीनचं पीठ घेऊन आले 🙂

गारवेल

१९५७ ची श्रावण अमावास्या २५ ऑगस्टला, रविवारी. म्हणजे काकू २६ ऑगस्टच्या, सोमवार. साल चुकलं असेल तर मात्र तारीख पुढेमागे होईल असं बाबा म्हणतात.

शेवंती

आईनं दोनदा विचारलं, "सोमवार?" मग मेथीचे हात पुसून उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून ऑगस्ट काढला. २६ वर पेनानं गोल केलाय. आता मला सांगतेय, दाखला नीट ठेव, त्यावरची तारीख बदलायची नाही, ती गुरुजींनी दिलीय.

खडूची धूळ

काकूंना माझा नमस्कार सांगा. कोथिंबीरवाल्याला उद्या सांगते ही गोष्ट.