सेतू केंद्राचा कॉम्प्युटर: खातं बदलताना दीड-दोन मिनिटं काळी स्क्रीन

प्रश्न (परतूर, जि. जालना)
एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटर, दोघांची खाती वेगळी. सकाळी ठीक चालतं. दुपारी दाखल्यांची गर्दी वाढली की 'स्विच युजर' केल्यावर स्क्रीन काळी आणि नुसतं चक्र फिरत राहतं. विंडोज १०, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्डडिस्क. विंडोज नव्यानं टाकावं का?

उत्तर (लातूर)
नका टाकू, चार दिवसांत पुन्हा तेच होईल. 'स्विच युजर'नं पहिलं खातं बंद होत नाही. त्यातलं क्रोम, स्कॅनरचं सॉफ्टवेअर, सगळं मागं चालूच राहतं. ४ जीबीत दोघांचं काम मावत नाही, मग विंडोज पहिल्या खात्याची मेमरी डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) ढकलतं. परत त्या खात्यात गेलात की ती तिथून वाचावी लागते, आणि फिरत्या डिस्कला असं विखुरलेलं वाचन फार जड जातं. दुपारपर्यंत टॅब साचतात, म्हणून सकाळी त्रास नाही.

खात्री करून घ्या. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'युजर्स' टॅबमध्ये मागं राहिलेल्या 'डिस्कनेक्टेड' खात्यानं किती मेमरी धरली ते बघा. खातं बदलल्या बदलल्या डिस्क १०० टक्क्यांवर आणि मेमरी ९०च्या पुढं असेल तर दुखणं हेच.

आज बिनखर्चात: क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टीम'खाली, क्रोम बंद केल्यावरही अ‍ॅप चालू ठेवणारा पर्याय बंद करा. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमधलं नको ते डिसेबल करा. दोन्ही खात्यांत जाऊन करा, क्रोमचं सेटिंग प्रत्येक खात्याचं वेगळं असतं.

उत्तर (परभणी)
वरचं बरोबर, पण लाईट जाऊन मशीन झटक्यात बंद पडत असेल तर आधी डिस्क तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'सी५' ओळीची (वाचायला अडणाऱ्या जागांची संख्या) रॉ व्हॅल्यू शून्याच्या वर दिसली, किंवा विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टीम' लॉगमध्ये डिस्कचे ७ किंवा १५३ नंबरचे इव्हेंट वारंवार येत असतील, तर पहिल्यांदा डेटा बाहेर काढा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नंतर, खराब डिस्कवर ते तासन्‌तास चालतं आणि डिस्कला आणखी ताण देतं.

प्रश्नकर्ता
सी५ शून्य आहे. मेमरी ९४ टक्के. एकच वस्तू घेता येईल, रॅम की एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क)?

उत्तर (लातूर)
रॅम. एसएसडीनं वाट पाहणं कमी होईल, पण मूळ अडचण जागेची आहे. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. एक मोकळा असेल तर रॅमची ४ जीबीची दुसरी पट्टी बसेल. रॅमचा प्रकार डीडीआर३ की डीडीआर४ हे सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये पाहूनच घ्या, दोघांची खाच वेगळ्या जागी असते. पट्टी येईपर्यंत पाळी बदलताना 'स्विच' नको, सरळ 'साइन आउट' करा. अर्धवट अर्ज तेवढे आधी सेव्ह करा.