घुमणे, घोगरा की कंठगायन?

पऱ्हाटी
दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. वाचनालयात महिन्यातून एकदा गाणी ऐकायची बैठक असते. या खेपेला माझी पाळी, मी 'हून-हूर-तू' ऐकवणार आहे. सायबेरियाच्या दक्षिण भागात तुवा म्हणून मुलूख आहे, तिथली ही 1992 पासूनची गाणारी मंडळी. अडलंय ते फळ्यावर काय लिहायचं यावर. त्यांच्या गाण्याला इंग्रजीत 'थ्रोट सिंगिंग' म्हणतात, त्याचं सरळ 'कंठगायन' होतं. मग बाकीचे काय कोपरानं गातात?

मला हे आवडलं कसं तेही सांगतो. तुरीत रानडुकरं शिरत होती. भाच्यानं मेमरी कार्डात कुत्र्यांचं भुंकणं, फटाके असं काय काय भरून भोंगा लावून दिला, त्यात हे एक गाणं घुसलं. पहिल्या रात्री वाटलं बॅटरी उतरली. तिसऱ्या रात्री वैतागून बंद करायला उठलो, एक पाय शिडीवर, आणि त्या घरघरीच्या वर बारीक शीळ ऐकू आली. म्हटलं बासरी असेल. नंतर कळलं, माणूस तोच, दमही तोच! मग मी जागलीला आपणहून जायला लागलो. डुकरं येतच राहिली.

घरी लावलं तर आई चुलीपासून ओरडली, "कोन घुमून रायलं रे? लिंबू आन!"

तर 'घुमणे' चालेल का?

शुद्धमती
'कंठगायन'च लिहा. ते लोक या गाण्याला 'खुमेय' म्हणतात, आणि तो शब्द घशावरूनच आलेला आहे. त्यांना घशाची लाज नाही, तुम्हाला का?

पऱ्हाटी
आमच्याकडे कंठ फक्त शंकराला. बाकी सगळ्यांना गळा, आणि आईच्या तोंडी त्याचाही 'गया'. गयागायन लिहिलं तर लोक पिंडदानाच्या तयारीनं येतील.

झाडीपट्टीवाला
आमच्याकडे ळ चा र. 'गरागायन' लिहा, फणस समजून तरी गर्दी होईल. खरं सांगू का, साधा 'घोगरा' काय वाईट आहे? मंडईतल्या, म्हणजे आमच्या गावजत्रेतल्या, नाटकात रात्रभर खलनायक ज्या आवाजात बोलतो तो घोगरा. पहाटे चारलाही पोरं त्याची नक्कल करत घरी जातात.

खर्जवाला
घोगरा म्हणजे बसलेला आवाज. हा बसलेला नाही, बसवलेला आहे. खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर मांसाच्या दोन घड्या असतात, एरवी गाताना त्यांचं काही काम नसतं. तुव्यातल्या 'कर्गिरा' प्रकारात त्याही थरथरतात, पण खालच्या पट्ट्यांच्या दोन कंपनांना यांचं एक. म्हणून अख्खं सप्तक खालचा सूर ऐकू येतो. आणि तुम्हाला ऐकू आलेली शीळ म्हणजे 'सिगित'. एकाच सुरात दडलेल्या वरच्या सुरांतला एखादा जिभेनं, ओठांनी उचलायचा. खर्ज मात्र कृपया म्हणू नका, खर्जाला फक्त खालच्या पट्ट्या लागतात.

बोंडअळी
खर्ज म्हणजे खर + ज. गाढवापासून झालेला. मला तर पटतं.

खर्जवाला
षड्ज. उत्तरेत ष चा ख होतो, भाषेची भाखा होते तसा. आणि जुन्या ग्रंथांत षड्ज मोराच्या तोंडी दिलाय, गाढवाच्या नाही.

बोंडअळी
आमच्या धुऱ्यावर दोन्ही आहेत. मोराचं ओरडणं ऐकलंय का कधी?

शुद्धमती
मूळ मुद्दा. 'घुमणे' म्हणजे अंगात येणे. वाचनालयाच्या फळ्यावर अंगात येण्याची जाहिरात करणार का?

पऱ्हाटी
पारवा घुमतो, त्याच्या काय अंगात येतं? डेऱ्यात रवी घुमते. विहिरीत हाक घुमते.

खर्जवाला
आमच्या कोकणस्थांत नवरात्रात महालक्ष्मीपुढे घागर फुंकतात. आजी फुंकायची तेव्हा मी घागरीच्या बुडाला हात लावून बसायचो, तळवा झिणझिणायचा. तिच्या फुंकेपेक्षा घागरीचा आवाज कितीतरी मोठा. ही मंडळी तोंडाची घागर करतात. माझं मत 'घुमणे'ला.

झाडीपट्टीवाला
पण मग 'घुमा' माणूस म्हणजे तोंड न उघडणारा, तो कसा? एकाच घराण्यात एक गाजणारा, एक मुका?

पऱ्हाटी
हे तर फारच बेस! या गवयांचे व्हिडिओ पाहा. चेहरा ढिम्म, ओठ जेमतेम उघडे, आणि आवाज एवढा. घुमाही तेच करतो, सगळं आत.

शुद्धमती
हे व्युत्पत्तिशास्त्र नाही, कोटी आहे.

पऱ्हाटी
असू द्या. आता बँडच्या नावाचं मराठी. 'हून-हूर-तू' म्हणजे सूर्य उगवल्यावर किंवा मावळायच्या आधी गवताळ रानावर ऊन उभ्या उभ्या पट्ट्यांत फुटलेलं दिसतं, ते. मला 'तिरीप' सुचलं.

तिकीटवेडा
तुवा! त्यांची तिकोनी टपाल तिकिटं असायची. फाइनमनसारखा शास्त्रज्ञ त्यांच्यापायी तिथं जायची स्वप्नं बघत राहिला, 1988 ला गेला तो तुवा न बघताच.

टीनशेड
तिरीप एकटी असते. इथे पुष्कळ आहेत, म्हणजे कवडसे.

शुद्धमती
कवडसा जमिनीवर पडतो. हवेत दिसते ती तिरीप.

टीनशेड
मग आमच्या गोठ्यात धूर केल्यावर टिनापासून शेणापर्यंत अख्खा दांडा दिसतो, त्याला काय म्हणायचं? अर्धा तिरीप, अर्धा कवडसा?

पऱ्हाटी
मंडळी, फळा रविवारी लिहायचाय.

शुद्धमती
तिरीप तिरपीच हवी. हून-हूर-तू उभे. म्हणून तोही शब्द बाद.

टीनशेड
तिरीप उभी नसते असं कुठल्या कोशात आहे?

शुद्धमती
तुम्ही कोश उघडून पाहा.

टीनशेड
कोश नाही घरी. टिनाला भोक आहे. उद्या बाराला ऊन डोक्यावर आलं की बघून सांगतो.