मदत हवी आहे: विद्यार्थी ॲपमध्ये हॉल तिकीट ठेवू कुठे?
आमच्या विद्यापीठाचं विद्यार्थी ॲप नव्याने डिझाइन करतोय. सध्या होम स्क्रीनवर २२ आयकॉन, सगळे एकाच मापाचे. निकाल बघायला चार टॅप, आणि मध्येच सेशन संपलं की पुन्हा लॉगिन! (परीक्षेच्या आठवड्यात तर विचारूच नका.)

खाली ५ टॅब ठेवलेत, बटणं किमान ४८ डीपीची (डीपी म्हणजे स्क्रीनवरच्या मापाचं एकक) केलीत, वेळापत्रक फोनमध्येच साठवलंय. नेट नसलं तरी दिसतं.

घोडं अडलंय ते हॉल तिकिटापाशी. एरवी कुणी ढुंकून बघत नाही, पण लागतं तेव्हा जीव टांगणीला. त्याला कायमची जागा द्यावी, की परीक्षेच्या काळातच होमवर कार्ड आणावं? गोष्टी जागा बदलायला लागल्या की लोक गोंधळतात, ही धास्ती आहे. कुणी आधी कार्ड सॉर्टिंग (म्हणजे वापरणाऱ्यांनाच सोयींच्या नावांची कार्डं गटांत लावायला सांगणं) करून बघितलंय का?